गरम पाण्यात बसून अरोरा: आइसलँड की अलास्का?

रंकाळ्यावर फिरताना आमच्या ग्रुपात हा वाद हमखास निघतो: गरम पाण्याच्या तळ्यात बसून अरोरा (ध्रुवाकडच्या आभाळात रात्री दिसणारा रंगीत उजेड) बघायचा तर कुठं जावं? माझं मत अलास्काला. तिथल्या फेअरबँक्स शहरापासून साधारण ९५ किलोमीटरवर चेना हॉट स्प्रिंग्ज हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण आहे. समुद्र लांब, त्यामुळं हवा कोरडी आणि आभाळ बऱ्याचदा मोकळं. थंडी मात्र उणे ३० पर्यंत उतरते. ओले केस बघता बघता पांढरे, कडक होतात. आणि जाहिरातीत न दिसणारी गोष्ट म्हणजे वाफ. ती इतकी दाटते, की आभाळातला हिरवा पट्टा बघायला कडेला सरकून वाऱ्याची वाट बघावी लागते.

आइसलँड सोसायला सोपं. राजधानी रेक्याविकमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास, ब्लू लगून हे गरम पाण्याचं तळं विमानतळापासून जवळ, पाणी ३७ ते ४० अंश. पण ते अटलांटिकचे ढग! जोरदार अरोराही झाकून टाकतात.

दोन्हीकडची तळी रात्रभर उघडी नसतात. चेनाला मुक्काम तिथंच करता येतो, म्हणजे जाकीट चढवून दाराबाहेर आलं की झालं.

अमेरिकेच्या व्हिसाची कटकट आहेच. तो हातात असेल तर अलास्काच गाठा. पोरं सोबत असतील तर मात्र आइसलँड. चेनाच्या उघड्या दगडी तळ्यात १८ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत.