कूलर, मिक्सर आणि मालिका: गोंगाटाच्या घरात कोणता क्लोज्ड-बॅक हेडफोन चालतो

मार्चअखेरीला खिडकीत पत्र्याचा कूलर बसला की पाऊस पडेपर्यंत घरातला आवाज ठरलेला. कूलरची घरघर, डोक्यावर पंखा, बाहेरच्या खोलीत मालिका, ओट्यावर मिक्सर, आणि लाइट गेली की शेजारच्या दुकानाचा जनरेटर. अशा घरात तंबोरा ऐकू येईल असं गाणं ऐकायचं असेल, किंवा पोराला नीट परीक्षेचं लेक्चर ऐकायचं असेल, तर कान पूर्ण झाकणारा क्लोज्ड-बॅक हेडफोन लागतो. पण 'क्लोज्ड-बॅक घ्या, बाहेरचं काही ऐकू येत नाही' असं दुकानात सांगतात ते अर्धंच खरं.

कपाची पाठ बंद असली की वरच्या पट्टीतले आवाज चांगले अडतात: मिक्सरचं किंचाळणं, भांड्यांचा खणखणाट, टीव्हीतल्या संवादांची धार, कुकरची शिट्टी. खालच्या पट्टीतला घुमारा मात्र आत येतोच. ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनांच्या) ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. अडीचशे ग्रॅमच्या हेडफोनची प्लास्टिकची वाटी आणि स्पंजची गादी तिला रोखायला फारच हलकी पडते. म्हणून कूलरच्या मोटारीची गुणगुण, जनरेटरची धडधड, बोअरची मोटार हे सगळं साध्या क्लोज्ड-बॅकमधून बऱ्यापैकी कानापर्यंत पोचतं. बाहेरच्या आवाजाला उलटा आवाज सोडून तो मारणाऱ्या नॉइज कॅन्सलिंग हेडफोनचं बरोबर उलटं आहे. ते साधारण १००० हर्ट्झच्या खालच्या सलग आवाजावर उत्तम चालतं, पण अचानक पडलेलं ताट किंवा माणसाचं बोलणं त्याला तितकंसं जमत नाही.

तेव्हा पैसे मोजायच्या आधी, रोज ज्या वेळी ऐकायला बसता त्याच वेळी खोलीत बसून दोन मिनिटं कूलर बंद करून बघा. सगळं शांत वाटलं तर तुमचा शत्रू कूलर आहे. मालिका आणि मिक्सरच डोक्यात जात असतील तर साधा वायरचा क्लोज्ड-बॅक पुरेल, आणि त्याच किमतीच्या नॉइज कॅन्सलिंगपेक्षा आवाजही सरस मिळेल. कूलरचाच त्रास असेल तरी आधी फुकटचा उपाय करा: स्टँडच्या चारही पायांखाली जुन्या ट्यूबच्या रबराचे दुमडलेले तुकडे घाला आणि बाजूच्या जाळीचे सैल स्क्रू आवळा. पत्र्याचा खडखडाट थांबला की उरते ती हवेची सळसळ, आणि ती हेडफोनला बऱ्यापैकी अडवता येते.

आता मॉडेल. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो १९८५ पासून चालत आलाय आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी आमची पहिली पसंती त्यालाच. कारण आवाज नंतर, आधी गादी. मखमलीची करडी गादी ४२ अंशांतसुद्धा कानाला चिकटत नाही. रेक्झिनसारखी गुळगुळीत गादी वीस मिनिटांत घामाने थबथबते आणि कानामागे घामोळं उठतं. वजन २७० ग्रॅम, कप मोठे, कानाची पाळी कुठे दाबली जात नाही. बाहेरचा आवाज सरासरी १८ डीबीए (डेसिबल, आवाज मोजायचं एकक) कमी होतो असं कंपनी सांगते. आवाजाचा स्वभाव सांगायचा तर बास भरदार, मधला भाग किंचित मागे, आणि वरचा भाग टोकदार. लता-आशांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये 'स' आणि 'श' टोचतात. ८ किलोहर्ट्झच्या आसपास इक्वलायझरवर (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करायच्या सोयीवर) ४-५ डीबी खाली ओढलं की कान निवतात. तबल्याचा बायाँ आणि पखवाज यांच्यासाठी मात्र हा हेडफोन दिलखुलास आहे.

त्यात ३२, ८० आणि २५० ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असे प्रकार येतात आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. 'जास्त ओहम म्हणजे जास्त भारी' असं काही नाही. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेत निघणारा आवाज, एका मिलिवॉटला ९६ डीबी धरली आणि फोनच्या चांगल्या डोंगलमधून (चार्जिंगच्या जागी हेडफोन जोडायच्या तुकड्यातून) १ व्होल्ट मिळतो असं मानलं, तर २५० ओहमला फक्त ४ मिलिवॉट पोचतात, म्हणजे कमाल १०२ डीबी. ८० ओहमला १२.५ मिलिवॉट, म्हणजे १०७ डीबी. कमाल आकडा बघून १०२ खूप वाटेल, पण कमी आवाजात रेकॉर्ड झालेल्या ख्यालात आलाप आणि तानेतलं अंतर मोठं असतं. फोनवर व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेऊनही आलाप कूलरखाली दबतो. घरात वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर ८० ओहम घ्या. फक्त त्याची वायर ३ मीटर लांब आहे आणि कपातून निघत नाही. मोबाइलवर ऐकणाऱ्याच्या पायात ती येणारच. ३२ ओहमच्या प्रकाराला १.६ मीटर वायर आहे, म्हणून फक्त मोबाइलच असेल तर तो प्रकार बरा, पण त्याची गादी मखमलीची नाही, गुळगुळीत असते.

सेनहायझरचा एचडी २८० प्रो दिसायला काळा, जाडजूड, काही नखरा नाही. आवाज अडवण्यात मात्र तो या सगळ्यांच्या पुढे. कंपनी '३२ डीबीपर्यंत' म्हणते. यातला 'पर्यंत' हा शब्द नीट वाचा: तो वरच्या पट्टीतला सर्वात चांगला आकडा असतो, सरासरी नव्हे, त्यामुळे बायरच्या १८ शी थेट तुलना करायची नाही. तरी स्वयंपाकघराला लागून खोली असेल आणि दार बंद करायची सोय नसेल तर हाच घ्यावा. किंमत मोजावी लागते ती डोक्याला. पकड घट्ट आहे, गादी गुळगुळीत आहे, आणि मे महिन्यात तासाभराने काढून कान पुसावे लागतात. नवीन असताना दोन-तीन रात्री वह्यांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला तर पट्टी थोडी सैल होते. गठ्ठा डोक्यापेक्षा जरासाच रुंद असू द्या. फार ताणलात तर पकड जाते आणि पकडीबरोबर आवाज अडवणंही जातं.

ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स सगळीकडे मिळतो, वायर निघते, डब्यात तीन वायरी येतात, ३८ ओहम असल्याने फोनवर सहज वाजतो. नाचऱ्या गाण्यांना छान, लेक्चरला काहीसा घुमणारा. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा, २३० ग्रॅमचा, बोलण्याची स्पष्टता अव्वल. लेक्चर, पॉडकास्ट, एडिटिंग एवढंच काम असेल तर आम्ही तोच सुचवू. पण बाहेरचा आवाज तो कमी अडवतो आणि त्याच्या गाद्यांचे पापुद्रे निघतात, तेव्हा बदली गाद्यांचा खर्च आधीच धरा. कूलरवाल्या घरासाठी सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ सारखा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. कूलर आणि पंखा तो जवळजवळ पुसून टाकतो, एका चार्जमध्ये ३० तास चालतो, म्हणून भारनियमनाची चिंता नाही. बॅटरी संपल्यावर वायर लावून वाजतो, पण आवाज बसका होतो.

यापैकी काहीही घेतलं तरी हेडफोन कानाभोवती हवाबंद बसला नाही तर पैसे पाण्यात. गादी आणि कातडी यांच्यात बारीकशी फट राहिली तरी आधी बास गळतो, मग बाहेरचं आत येतं. तपासायला सोपं आहे. फोनवर ४० हर्ट्झचा सलग टोन लावा, व्हॉल्यूम कमीच ठेवा, आणि दोन्ही तळव्यांनी कप हलके आत दाबा. दाबल्यावर घुमारा वाढला तर फट आहे. वाढला नाही तर बसलाय नीट.

फट पडायची कारणं घरातलीच असतात. चष्म्याची जाड प्लास्टिकची दांडी हे पहिलं. बारीक धातूच्या दांडीने फट कमी होते, आणि दांडी कानावर थोडी वर उचलून कपाच्या वरच्या कडेला नेली तर आणखी कमी. दुसरं केस. कानावरून येणारी जाड बट गादीखाली सापडली की हवा तिथूनच ये-जा करते, म्हणून केस कानामागे घ्या. अंबाडा उंच असेल तर पट्टी मागे सरकून कप तिरके होतात. तिसरं कानातलं: कुड्या चालतात, लोंबते झुमके गादीला टेकले की फटही पडते आणि गादीही फाटते. ओढणी किंवा रुमाल बांधून वर हेडफोन घालणं म्हणजे गोणपाट लावून पाणी अडवणं.

हवाबंद बसण्यावर एवढा जोर देण्याचं कारण कानच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ८० डीबी आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डीबी फक्त ४ तास. उघड्या इअरफोनवर माणूस कूलरच्या वर आवाज नेतो आणि त्याला ते कळत नाही. १५-१८ डीबी बाहेरच अडले तर तेवढा व्हॉल्यूम खाली ठेवता येतो. एक मात्र सांगून ठेवतो: कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम ज्याच्याकडे आहे त्याने एचडी २८० घालून बसू नये.

लॅपटॉपवर ऐकताना बारीक गुणगुण येते अशी तक्रार नेहमीची. चार्जर काढा. गुणगुण थांबली तर हेडफोन परत पाठवू नका, दोष विजेच्या बाजूचा आहे. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर चार्जर दोन पिनचा असेल किंवा बोर्डाला अर्थिंग नसेल, तेव्हा वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या.

खरेदीचं थोडक्यात. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी-पैठण गेटच्या मोबाइल दुकानांत नेकबँड ढिगाने मिळतील, हे हेडफोन कानाला लावून बघायला मिळणं अवघड. ऑनलाइनच घ्यावं लागतं, तेव्हा परत घ्यायची मुदत असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या आणि जीएसटीचं बिल ठेवा. डब्यावर आयातदाराचं नाव आणि एमआरपी असलेलं स्टिकर नसेल तर वॉरंटीच्या वेळी वांधे होतात. नावाजलेल्या मॉडेलच्या नकलाही फिरतात. निम्म्या किमतीत 'ओरिजिनल' दिसला की तो नाही.

आणि तेल. डोक्याला खोबरेल लावून हेडफोन घातला तर मखमल सहा महिन्यांत चिकट दोरखंडासारखी होते, गुळगुळीत गादीला भेगा पडतात. घाम, उष्णता आणि दमट हवा यांनी तिचं पॉलियुरेथेन फुटतं, तेल त्यात भर घालतं. गुळगुळीत गादी ओल्या फडक्याने पुसा, सॅनिटायझर कधीच नको. मखमलीची गादी कपाच्या खोबणीतून एका बाजूने ओढून काढा, कोमट पाण्यात चमचाभर सौम्य शाम्पू घालून हलक्या हाताने दाबा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत दिवसभर वाळवा. उन्हात टाकली तर आतला स्पंज भुसभुशीत होतो. परत बसवताना गादीची कड एका जागी खोबणीत अडकवा आणि उशीला अभ्रा चढवल्यासारखी गोल फिरवत न्या. शेवटचे दोन सेंटिमीटर त्रास देतात, तिथे चमच्याच्या बोथट दांड्याने आत सारा. स्क्रूड्रायव्हरने नको, कड फाटते. मग पुन्हा ४० हर्ट्झचा टोन लावून तळव्याने दाबून बघा.