सोलापूरच्या उन्हात वेडेलिया: पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही पाहिल्यावर

घरासमोरच्या उघड्या मातीवर काय लावावं, असं सोलापुरात कुणी विचारलं की मी वेडेलियाचं, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या पिवळ्या फुलांच्या वेलीचं, नाव घेते. पण त्याआधी एक विचारते. तुमच्या कंपाउंडला लागून नाला, ओढा किंवा कालवा आहे का? असेल तर लावू नका. का ते पुढे सांगते.

आमचं घर जुळे सोलापुरात. पुढच्या अंगणात काळी माती. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात तीच माती चपलांबरोबर थेट स्वयंपाकघरापर्यंत येते. हिरवळ लावायचा विचार आम्ही केलाच नाही. नळाला रोज पाणी नसणाऱ्या गावात गवताच्या लॉनची तहान भागवायची कशी? इंटरनेटवर गोल सोनेरी पानांच्या क्रीपिंग जेनीचे फोटो पाहून माझ्या बहिणीचा जीव तिच्यावर जडला होता. ती मूळची युरोपातली, गारवा आणि ओलावा मागणारी. आपला मे महिना पारा ४२-४३ अंशांवर नेतो, तिथे तिचा निभाव लागणं कठीण. सोनेरी पानांची अल्टरनॅन्थेरा दिसते छान, पण सारखी छाटावी लागते. वेडेलियाची पानं हिरवीच असतात, सोनं असतं ते तिच्या फुलांचं. आणि उन्हात असेल तर बहुतेक वर्षभर ती फुलत राहते.

मी लावली ती जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर. नर्सरीतून दोन-तीन पिशव्या आणल्या आणि बाकी सगळं त्यांच्याच फांद्यांवर केलं. दोन-तीन पेरांची काडी घ्यायची, खालची पानं काढायची आणि एक पेर मातीत जाईल अशी आडवी दाबायची. वीतभर अंतर पुरे. निव्वळ काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून मी वरच्या थरात थोडा मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळलं होतं. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं, पण ती तेव्हा मुळं धरत असते. मग एकदा सरकायला लागली की थांबत नाही.

हे सरकणं जवळून पाहण्यासारखं आहे. जमिनीवर पसरलेली एक फांदी हलकेच उचलून उलटी करा. प्रत्येक पेराच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मुळांचे बारीक कोंब दिसतील, माती लागायच्या आधीच तयार असलेले. माती मिळाली की ते पेर म्हणजे नवं झाड. मधली फांदी तोडली तरी पुढचा भाग स्वतःचा जगतो. तिच्यात बियांचा वाटा अगदी कमी, सगळा पसारा या पेरांचा. पानं समोरासमोर, चकचकीत, बहुतेक तीन टोकांची. फुलाच्या एकेका पिवळ्या पाकळीच्या टोकाला बारीक दाते असतात. सकाळी नऊच्या सुमारास त्यांच्यावर मधमाश्या आणि छोटी निळसर फुलपाखरं येतात. आमच्या अंगणात ती आधी फारशी दिसत नसत.

आता पाण्याचं. सोलापूरकरांना सगळ्यात आधी तेच विचारायचं असतं, आणि वेडेलिया मला मनापासून आवडली तीही त्यामुळेच. तिला क्षार चालतात. समुद्रकाठच्या खाऱ्या वाळूतही ती वाढते. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, बादलीच्या काठावर पांढरा थर धरणारं. घरोघरी आरओ मशीन आहे आणि त्याच्या नळीतून वाया जाणारं पाणी मोरीत जातं. मी ते पाणी बादलीत साठवून वेडेलियाला घालते. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही तिलाच. मोगरा या खारट पाण्याने आजारी पडतो, ही पडत नाही. तरी पहिल्या जोरदार पावसात माती एकदा नीट धुऊन निघू द्यावी, म्हणजे साठलेले क्षार खाली जातात.

उन्हाळ्यात काय झालं? एप्रिलपासून दुपारी पानं मलूल व्हायची आणि संध्याकाळी पाणी न घालताही पुन्हा उभी राहायची. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या पट्ट्याचं मात्र खरं नुकसान झालं. भिंत दिवसभर तापते आणि रात्रीही ऊब सोडते, तिथली पानं कडेने करपली. मार्चअखेर तो भाग चार बोटं ठेवून छाटला आणि वर उसाचं पाचट पसरलं की निभावतो, असं मला दिसलं. कडुलिंबाखालचा भाग भर मेमध्येही हिरवागार होता, पण तिथे फुलं जवळजवळ नाहीत. सावलीत ती जगते, फुलायला ऊन हवं. ज्यांना फक्त माती झाकायची आहे त्यांनी झाडाखाली खुशाल लावावी.

काळ्या मातीतला एक त्रास सांगायलाच हवा. ऑगस्टच्या सुमारास कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच. शेतकऱ्यांना हे चित्र ओळखीचं आहे. आपल्या जमिनीत चुनखडी जास्त, त्यामुळे मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. अशा वेळी मातीत हिराकस (लोहाचं खत) टाकून फार उपयोग होत नाही, तेही तिथेच अडकतं. मी चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून संध्याकाळी पानांवर फवारलं. नवी फूट हिरवी आली. कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण एका कोपऱ्यात दिसला, निंबोळी तेलाच्या फवारणीने आवरला.

दाट जमिनीलगतच्या वेलीत साप-विंचू लपतील, ही शेजाऱ्यांची भीती मला रास्त वाटते. म्हणून दारापासून आणि पायवाटेपासून हातभर जागा मोकळी ठेवली आहे आणि वेल घोट्याच्या वर वाढू देत नाही. ती विळ्याने कापलेली छान सोसते. पायदळी तुडवलेली सोसत नाही, त्यामुळे मुलांच्या खेळायच्या जागी नको.

तिला आवरणं हेच खरं काम. आमच्या पट्ट्याला शहाबादी फरशीची कड आहे. फांद्या त्या फरशीवरून सरकत येतात, आणि दोन फरश्यांच्या सांध्यात जी चिमूटभर धूळ असते तेवढ्यातही मूळ धरतात. पावसाळ्यात आठवड्याला कड कापायला जमणार नसेल तर ही वेल घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. कापलेल्या फांद्या कचऱ्यात किंवा रिकाम्या प्लॉटवर टाकायच्या नाहीत. त्या काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पूर्ण कुजेपर्यंत उन्हात ठेवायच्या, मगच खतात घालायच्या.

एवढी काळजी का? वेडेलिया मूळची मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली. बागांसाठी ती जगभर गेली आणि बागांच्या बाहेर पडली. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक परकीय प्रजातींच्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती आहे. केरळमध्ये ती मोकळ्या ओलसर जागा व्यापत चालली आहे. आपल्या कोरड्या माळावर ती आपोआप पसरेल असं मला वाटत नाही, नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यातल्या गवताळ रानाला तिचा लगेच धोका नाही. पण ओल जिथे आहे तिथे धोका आहेच. उजनीचे कालवे, हिप्परग्याचा तलाव, संभाजी तलावाचा काठ, उसाच्या पाटांच्या कडा. अशा ठिकाणी एक पेर पडलं तरी पुरे.

शेजारच्या काकूंचं मोहोळकडे शेत आहे. त्या म्हणाल्या, "पाटाच्या कडेला लावते, माती तरी धरून ठेवील." मी म्हटलं, "काकू, कुंडीसाठी हव्या तेवढ्या फांद्या न्या, पाटावर मात्र नका लावू. माती धरील, पण नंतर पाटातलं गवतही जगू देणार नाही." त्यांना ते पटलं, आणि आता त्यांच्या गच्चीवरच्या टांगत्या कुंड्यांतून ती खाली लोंबते. दिसते खरंच देखणी.

पिवळा माका हा हिचा देशी नातलग. तो दिसायला जवळचा आहे आणि औषधात वापरतात. म्हणून हिची पानं माका समजून तेलात उकळू नका.

लावायची असेल तर जूनचे पहिले पाऊस होऊ द्या. एप्रिल-मेमध्ये नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली ती कितीही टवटवीत दिसली तरी आणू नका, मुळं धरायच्या आधीच ऊन तिला गाठतं.