'वॉज', 'यूज्ड टू' की 'हॅड बीन'?

शाळांच्या, देवस्थानांच्या स्मरणिकांची इंग्रजी पाने तपासायला माझ्याकडे येतात, बहुतेक फोंडा-डिचोलीकडून. त्यांत एक मजकूर हमखास असतो: त्या वेळी गाव कसे होते आणि त्याच्याही आधी कसे होते. दोन भूतकाळांची तुलना करायला इंग्रजीत तीन वाटा आहेत आणि व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही चालतात. म्हणूनच निवडताना घोळ होतो.

गोव्यातल्या मांडवी नदीचेच उदाहरण घेऊ. पहिला पूल १९७० साली झाला, ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि नवा व्हायला १९९२ उजाडले. मधली वर्षे पणजी आणि पलीकडच्या काठावरचे बेती पुन्हा फेरीबोटीच्या भरवशावर. आता 'पूल पडल्यावर बेतीच्या धक्क्यावरची रांग पूर्वीपेक्षा लांब होती' हे इंग्रजीत लिहायचे आहे.

सिंपल पास्टमध्ये: 'द क्यू वॉज लाँगर दॅन इट वॉज बिफोर द ब्रिज.' चालते. बोलताना मीही असेच बोलतो. 'बिफोर'चा टेकू आहे तोवर अडचण नाही. तो काढला की दोन 'वॉज'मधला आधीचा कुठला ते वाचणाऱ्याने ताडायचे.

'यूज्ड टू' सर्वांचे लाडके: 'लाँगर दॅन इट यूज्ड टू बी.' म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींना ते शोभतेही. माझे त्याच्याशी बिनसले ते इथेच. पूर्वी म्हणजे कधी? पूल होता तेव्हा, की पूल नव्हताच तेव्हा? पहिला अर्थ घेतला तर वाक्यात सांगण्यासारखे काही उरत नाही, कारण पूल असताना फेरीला कोण रांग लावणार? दुसरा घेतला तर ती खरी बातमी. मग लेखकाला फोन लावायचा आणि पलीकडून ऐकायचे, 'पूर्वी म्हणजे पूर्वी हो, सर!' छपाईवाला खोळंबलेला असताना हे संभाषण फार गोड वाटत नाही. 'यूज्ड टू' एवढेच सांगते की असे असायचे आणि पुढे तसे राहिले नाही. 'इन द सिक्स्टीज' इतपत ढोबळ काळ त्याला चालतो, पण अमुक दिवशी किंवा इतकी वर्षे असे म्हणायला गेलात की वाक्य लंगडते.

'हॅड बीन' तरी काळ आपणहून कुठे सांगते, असे कोणी म्हणेल. नाही सांगत. पण आधीचा काळ कुठला आणि नंतरचा कुठला हे क्रियापदातच कळते, आणि तारीख, मुदत काहीही जोडा, सामावून घेते. 'लाँगर दॅन इट हॅड बीन बिफोर द ब्रिज' यात शंकेला जागा नाही. दुसरे उदाहरण जुन्या गोव्याचे. साथींच्या रोगांनी ते शहर ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान रीतसर पणजीला मिळाला. 'बाय देन, ओल्ड गोवा वॉज नो लाँगर द सिटी इट हॅड बीन फॉर ओव्हर अ सेंच्युरी.' इथे 'यूज्ड टू बी' घालून मोठ्याने वाचून बघा.

आता 'हॅड'ची खोड. ती खरे तर आपली मराठी माणसांची खोड आहे. आपण 'काल म्हापशाला गेलो होतो' सहज म्हणतो, नंतर दुसरे काही घडलेले असो वा नसो. तेच इंग्रजीत गेले की 'आय हॅड गॉन टू म्हापसा येस्टर्डे' होते आणि मग पानभर प्रत्येक क्रियापदामागे 'हॅड'. अशी पाने पाहून काही शिक्षक मुलांना 'हॅड' वापरूच नका म्हणतात. मला ते टोकाचे वाटते. मी तपासताना बघतो ते इतकेच: 'हॅड'ला टेकायला नंतरचा एखादा भूतकाळ जवळपास आहे का? नसेल तर खोडतो. असेल तर एक-दोनदा ठेवतो आणि काळ एकदा बसला की साध्या भूतकाळावर उतरतो.

पर्यटकांना पणजीतली जुनी वस्ती फोंतेन्यास दाखवत फिरणाऱ्याला मात्र मी 'यूज्ड टू'च सुचवेन. ऐकणाऱ्याला शंका आली तर तो तिथेच विचारू शकतो, आणि चालता चालता 'हॅड बीन' जरा पुस्तकी वाटते. फोटोखालच्या ओळीत तर क्रियापदच गाळलेले बरे: 'लाँगर दॅन बिफोर द ब्रिज.' पण छापील पानावर, तेही ज्या गावात 'पूर्वी'चे दोन-तीन थर आहेत तिथले लिहिताना, माझा हात 'हॅड बीन'कडेच जातो. आणि 'हॅड हॅड' असे लागोपाठ आले तर दचकू नका. 'लेस वॉटर दॅन इट हॅड हॅड इन मे' हे बरोबरच आहे. डोळ्याला खुपत असेल तर दुसऱ्या 'हॅड'च्या जागी 'हेल्ड' घाला.