सहा फ्रेम, नऊ हजार रुपये आणि मागं कोरा कागद

हॉलच्या भिंतीवर जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं लावायची माझी लई दिवसांची हौस. दीनानाथ दलालांनी 1945 ला सुरू केलेल्या 'दीपावली'चा एक अंक आत्याच्या ट्रंकेत अजून आहे, लहानपणी सुट्टीत तेच चित्र बघत पडायचो. तर एका ओळखीच्यानं एक नंबर दिला, त्या माणसानं व्हॉट्सअपवर फोटो टाकले, दलाल, मुळगावकर या चित्रकारांचं सगळं ओरिजनल म्हणाला, आणि रंकाळ्यावर गाडीच्या डिकीतनं सहा फ्रेम काढून दाखवल्या. कागद पिवळा, कडेला डाग, पुढं काच, मागं ब्राऊन टेपनं गच्च पॅक. मागची बाजू बघू का म्हटलं तर म्हणतो कसा, "दादा, उघडलं की हवा लागून भुगा होतोय कागदाचा." आणि मला पटलं पण! पंधराशेला एक, सहाचे नऊ हजार, रोख दिले, पावती बिवती काय नाही.

पहिली शंका आबांना आली. एक चित्र 1952 च्या दिवाळीचं म्हणून घेतलेलं, कोपऱ्यात किंमत 2 रुपये 50 पैसे. आबा चहा पिता पिता म्हणाले, "बावन्न साली पन्नास पैसे कुठनं आले रं? तवा आणे हुते." खरंच की, नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 ला. तरी मी त्या माणसाचीच बाजू घेतली, म्हटलं साल सांगताना चुकला असंल.

मग जुलैचा पाऊस. भिंतीला ओल आली, एका फ्रेममध्ये पाणी उतरलं आणि चित्रातल्या बाईच्या साडीचा लाल रंग ओघळून पार खाली आला. जुन्या छपाईची शाई अशी पळत नाही ओ. टेप फाडली तर मागं पांढराशुभ्र कोरा कागद! खऱ्या मुखपृष्ठाच्या मागं जाहिरात तरी असती, पिनांची भोकं असती, यात काहीच नाही. पिवळेपणा, कडेचे डाग, सगळं छापलेलं. गुजरीत मित्राच्या पेढीवर सोनाराच्या भिंगाखाली आत्याचा अंक ठेवला तर रंगाचे ठिपके जाळीगत ओळीनं, आणि आमच्या चित्रात पिचकारी मारल्यागत विस्कटलेले, म्हणजे प्रिंटरवर काढलेली कॉपी.

फोन लावला. "दादा, चित्र ओरिजनल आहे म्हटलेलं, कागद कुठं म्हटलो?" एवढं बोलून ब्लॉक.

त्यामुळं कुणी घेणार असाल तर फ्रेम केलेलं घेऊच नका, सुटं मागा, पाठ बघा, जमलं तर अख्खा अंकच मागा. कापलेल्या पानापेक्षा तो कधी कधी स्वस्त पडतो, मला नंतर रद्दीवाल्याकडं 80 रुपयाला एक मिळाला, कसर लागलेला, कव्हरचा एक कोपरा गायब. आबांनी पिनेवर बोट फिरवलं, तांबडा गंज बघितला आणि अंक घेऊन खोलीत गेले, अजून परत दिलेला नाही.