एमराल्ड ते स्कार्लेट: आठ महिने, तीन मशीन आणि एक सर्फ

"डुप्लिकेट काट्रिज आहे, साहेब. बोर्ड बदलूनही चालेल याची गॅरंटी नाही," असं दुकानदार तोंडावर म्हणाला, म्हणून हे लिहायला बसलो. मामाने २००६ साली दुबईहून आणलेली पोकेमॉन एमराल्ड, गेमबॉयच्या जमान्यातली गेम, आणि डुप्लिकेट? चालू करताना आतली बॅटरी संपल्याचा निरोप येतो हे खरं, पण त्याने या गेमचं घड्याळ तेवढं थांबतं, सेव्ह शाबूत राहतं. घरी येऊन इअरबडला आयसोप्रोपिल लावलं, निन्टेंडोच्या जुन्या डीएस लाइट मशीनचा खालचा स्लॉट पुसला, दुसऱ्या झटक्यात गेम सुरू. अठराशे रुपये वाचले.

आत बंडू होता. माझा स्वॅम्पर्ट, म्हणजे पाण्यातला एक पोकेमॉन, लेव्हल ७१. त्याला निन्टेंडोच्या स्विच मशीनवरच्या पोकेमॉन स्कार्लेट या नव्या गेममध्ये न्यायचं, एवढंच काम. आठ महिने लागले.

वाट अशी: डीएसवरच्या डायमंड गेममधला पॅल पार्क (जुन्या गेममधले पोकेमॉन आत घेणारी जागा), मग त्यानंतरची व्हाइट गेम, मग थ्रीडीएस मशीनवरचं ट्रान्सपोर्टर अ‍ॅप, आणि पोकेमॉन साठवणाऱ्या बँक आणि होम या ऑनलाइन सेवा. सगळी एकेरी. पॅल पार्क उघडायलाच डायमंड संपवून तिथल्या सिनो प्रदेशाच्या डेक्समधले, म्हणजे यादीतले, दीडशे पोकेमॉन बघावे लागतात. नोकरी सांभाळून त्यात चार महिने गेले.

आणि शेवटी पार्कच्या दारात काय कळावं? एचएम, म्हणजे वाटेतले अडथळे पार करायच्या खास हालचाली, येणाऱ्याला प्रवेश नाही. बंडूला सर्फ (खेळाडूला पाठीवर घेऊन पोहणं) आणि वॉटरफॉल (धबधबा चढणं) दोन्ही येत होते. म्हणजे नव्या शाळेत दाखला देताना "आधी पोहणं विसरून या" म्हणावं तसं. माझं सेव्ह पॅसिफिडलॉगमध्ये, भर समुद्रात लाकडी ओंडक्यांवर तरंगणाऱ्या गावात. हालचाल विसरवणारा माणूस लिलीकोव्हला. उडणारा एकही पाळलेला नव्हता, त्यामुळे बंडूच्याच पाठीवर बसून, दर चार हातांवर टेंटाकूल हे जंगली पोकेमॉन झेलत लिलीकोव्ह गाठलं. एवढं करून डायमंडमध्ये आल्यावर सवयीने त्याला परत सर्फ शिकवलं! व्हाइटकडे जाताना पुन्हा तोच नियम, पुन्हा सर्फ विसरवायला डायमंडमधल्या कॅनालेव्हला हेलपाटा. त्या रात्री या सगळ्या प्रकाराला पाचपैकी एक तारा दिला होता.

तो आता मागे घेतो. परवा सहज एमराल्ड उघडली तर माझा खेळाडू लिलीकोव्हच्या बंदरावर, पायाखाली जमीन. बंडूला पॅसिफिडलॉगमधूनच उचलून नेता आलं असतं, तर मागे राहिलेलं सेव्ह त्या ओंडक्यांवर अडकून बसलं असतं. गेलेला परत येत नाही, मग मागच्याचं काय, हा विचार कुणीतरी केलेला असावा. मी उगाच शिव्या घातल्या.

खरा राग पुढच्या टप्प्यांवर आहे. २०१९ च्या सोर्ड-शील्ड या गेमपासून "जुन्या सगळ्या पोकेमॉनना जागा नाही" हे सुरू झालं. स्कार्लेट आली नोव्हेंबर २०२२ मध्ये, होमला जोडली गेली मे २०२३ मध्ये, आणि स्वॅम्पर्टला आत घेतलं डिसेंबरमध्ये, इंडिगो डिस्क या तिच्या वाढीव भागाच्या वेळी. इथे विसरायला लावलं नाही, दारच बंद ठेवलं. त्यात २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएसचं ईशॉप, म्हणजे ऑनलाइन दुकान, बंद झालं. बँक आणि ट्रान्सपोर्टर ज्यांनी आधी उतरवून घेतले नव्हते, त्यांचे बंडू व्हाइटमध्येच राहिले. मी घेतले होते, तेही वर्षाच्या पाच डॉलरसाठी महिनाभर कुरकुरून. आता बँक फुकट आहे. होमचे मात्र एका महिन्याचे पैसे मोजले, काम उरकलं, बंद केलं. वर्षाचं घेऊ नका.

कामाचं एक: ट्रान्सपोर्टर व्हाइटचा फक्त पहिला बॉक्स बघतो. माझी एक संध्याकाळ बॉक्स दोनमुळे गेली.

बंडू पोचला. नाव तेच, मालकाच्या जागी सातवीतल्या माझं सात अक्षरी नाव. इथे पाणी ओलांडायला स्वारीचा कोरायडन आहे, सर्फची कुणाला गरज नाही. तरी पहिल्याच दिवशी टीएम १२३, म्हणजे हालचाल शिकवणारं सर्फचं मशीन, बनवून त्याला ते शिकवलं.