थर्मल कॅमेरा, आठ महिन्यांनंतर: फोड सापडतात, पिनहोल नाही

पुण्यात समुद्र कुठला, असं पाहुणे विचारतात. पण भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये पॉन्टूनचे, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पोलादी डबे रंगवून होतात आणि ट्रेलरवरून कोकणात जातात. त्यांच्या तपासणीसाठी ३२० बाय २४० पिक्सेलचा थर्मल कॅमेरा, म्हणजे उष्णतेचं चित्र दाखवणारा, घेतला. देताना विक्रेता म्हणाला, ‘साहेब, रंगाखालचं सगळं दिसतं.’

सगळं नाही दिसत. जे दिसतं, ते मात्र झकास दिसतं.

मार्चमध्ये एक जुना डबा दुरुस्तीला आला. रंग वरून ठणठणीत. हॅलोजनचा दिवा पत्र्यावरून संथ फिरवला, तर स्क्रीनवर वीतभर पट्टा आजूबाजूपेक्षा उजळ उमटला. फोरमनकाकांनी तिथे हातोडीच्या दांड्याने टकटक केली, आवाज पोकळ. पत्ती लावताच रंग पापडासारखा उठला, खाली कोरडा गंज. रंग सुटला की मध्ये हवा शिरते. चिकटलेल्या रंगाची उष्णता पोलाद ओढून घेतं, हवा तिला अडवते, म्हणून तेवढाच भाग तापतो. फोडात पाणी असेल तर हा फरक फिका पडतो, तिथे फसायला होतं.

पहिल्या आठवड्यात मी फसलोच. पत्र्यावर माशाच्या काट्यासारख्या थंड रेघा पाहून अख्खा डबा नापास करणार होतो. काका हसले, ‘अहो, मागे स्टिफनर, पत्र्याला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, वेल्ड केलेत ना!’ चकचकीत टॉपकोटवर दिव्याचं प्रतिबिंबही दोषासारखंच दिसतं. आपण दोन पावलं सरकायचं: डाग सोबत सरकला तर प्रतिबिंब, जागचा हलला नाही तर खडू घ्यायचा. रंगावर कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा आकडा) ०.९५ ठेवतो. घासलेल्या उघड्या पोलादावर आकड्यांवर विश्वास ठेवू नका, तिथे स्वतःचं तोंड दिसतं.

पिनहोल, म्हणजे रंगातलं सुईएवढं भोक? विसरा. त्याला विजेने अशी भोकं शोधणारा हॉलिडे डिटेक्टरच लागतो, आणि रंगाच्या जाडीला मायक्रॉनचा गेज. ती दोन्ही यंत्रं आमच्याकडे अजून रोज चालतात. कॅमेरा फक्त कुठे ठोकायचं ते सांगतो, पण त्यामुळे पूर्वी दिवसभर चालणारी टकटक आता तासाभरात आटोपते.

कोकणात साइटवर नेला तेव्हा निम्मी मजा गेली. वाऱ्याने पत्रा तापूच देईना, आणि ओल्या पत्र्यावर नेम धरण्यात अर्थ नाही. सकाळी ऊन नुकतं पडल्यावर, वारा पडलेला असताना, दिव्याशिवायही बरं दिसलं.

बॅटरी चार तासांची सांगितली होती, दोन तासांत मान टाकते. दुसरी मागवलीय, ‘उद्या येते’ म्हणाले त्याला तीन आठवडे झाले.