बोगस मतदान कुठं अडवायचं: यादीत, बूथवर का कोर्टात?

मी दोन निवडणुकीत पोलिंग एजंट, म्हणजे बूथवर लक्ष ठेवणारा उमेदवाराचा माणूस, म्हणून बसलो म्हणून सांगतो, तिन्ही रस्ते खरे आहेत पण सारखे नाहीत.

यादीतला रस्ता म्हणजे फॉर्म ७. मेलेल्याचं, लग्न होऊन सासरी गेलेल्या पोरीचं नाव कापायले हा भरायचा, पैसा लागत नाही, बीएलओ (बूथची यादी पाहणारा सरकारी कर्मचारी) चौकशी करते, खोटं लिहून दिलं तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ग्रामपंचायतीसाठी वेगळी यादी बनत नाही बरं, विधानसभेचीच वार्डावार्डात फोडतात, म्हणून निवडणूक लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही, सहा महिने आधीच यादी वाचा. अन् सुरत-पुण्याले कामाले गेलेला पोरगा ज्याचं घर, मायबाप इथंच आहे अन् जो वेचणीले परत येते, त्याचं नाव कापू नका, तो बोगस नाही.

बूथवर शाई आहे, विधानसभा-लोकसभेले १९६२ पासून म्हैसूरची येते, ती एका माणसाले दोनदा येऊ देत नाही. पण दुसऱ्याच्या नावावर पहिल्यांदाच आलेल्याले शाई काय करन? तिथं चेहरा ओळखणारा एजंटच पाह्यजे. विधानसभेले २ रुपये भरून आक्षेप घेता येते, केंद्राध्यक्ष तिथंच चौकशी करते, तो मतदार खोटा निघाला तर पोलिसात.

अन् मत आधीच पडून गेलं असन तर? आमच्या बूथवर एक म्हातारी आली, बोट कोरं, नावापुढं दुसऱ्याचा अंगठा. तिले प्रदत्त मतपत्रिका भेटली, तिनं शिक्का मारला, कागद पाकिटात बंद. ते मत मोजणीत धरतच नाही, कोर्टानं मागितलं तरच उघडते. तिले हे सांगताना माह्या तोंडातून शब्द निघत नव्हता.

कोर्टाचं तर लांबचं काम. विधानसभेले ४५ दिवसांत हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात याचिका, २००० रुपये अनामत. ग्रामपंचायतीले १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडं. बोगस मतानं निकालच फिरला हे दाखवा लागते. राजस्थानात २००८ ले सी. पी. जोशी १ मतानं पडले, तसा फरक असन तर जा, शंभराचा असन तर वकिलाची फी वाया.

मले विचाराल तर फॉर्म ७ आत्ता भरा अन् एजंट त्याच मोहल्ल्यातला बसवा, जेवायले उठताना बदली एजंट बसवूनच उठाव. मत देऊन गेलेल्याच्या नावाले मी टिक करत होतो, माह्या यादीवर म्हातारीच्या नावाले टिक नव्हती, म्हणजे तिचं मत गेलं ते मी डबा खायले बाहेर गेलो त्या अर्ध्या तासात.